तीन टिंबांचं कडं

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात टॉर्च धरून उभा होतो. सिंकखालचा नळ गळत होता आणि प्लंबर आडवा पडून वॉशर बदलत होता. मी आयुष्यभर रायपूरजवळ उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होतो, पुढे फोरमन झालो. तो वॉशर मी डोळे मिटून बदलला असता. पण आमच्या घरात गेली वीसेक वर्षं मी पाना हातात धरत नाही, मिस्त्रीला उजेड दाखवतो. का, ते पुढे येईलच. फोन मितालीचा, प्रभाकरच्या मुलीचा होता. "फूफाजी, पापा नहीं रहे," एवढंच म्हणाली. मी शालूकडे पाहिलं. शालू माझी बायको, प्रभाकरची धाकटी बहीण. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं. तिनं गॅस बंद केला, पदरानं हात पुसले आणि आधी प्लंबरला म्हणाली, "भैया, आप काम पूरा कर लो."

तेराव्यानंतर तात्यापाऱ्यात इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. पंडरीच्या कापड बाजारातले व्यापारी आले होते, जुने शेजारी होते. सगळे चांगलं बोलले, कारण चांगलं बोलण्यासारखं त्याच्याजवळ पुष्कळ होतं. शेवटी मी उठलो आणि त्याच्या मोठ्या मनाचा एक प्रसंग सांगितला. माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे त्याची त्याच्या आईशी शेवटची भेट झाली नाही, तरी त्यानं मला माफ केलं आणि पुढे कधी एका शब्दानं दुखावलं नाही. बायकांनी डोळे पुसले. वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत सभेची बातमी आली, तिच्यातही तो प्रसंग ठळक छापला होता. तेव्हा मी मला खरं वाटत होतं तेच बोललो. पण ते खरं नव्हतं. चार लोकांत मी जे सांगितलं ते चार लोकांतच दुरुस्त करावं, म्हणून हा लेख.

प्रभाकरचं पंडरीत ठोक कापडाचं दुकान होतं. कोणीही भेटला की हा आधी त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरायचा, कापड चोळून पाहायचा आणि मग तब्येत विचारायचा. खिशात कात्री असायची, पण धागा मात्र दातांनीच तोडायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, ओरडायच्या, दात पडतील म्हणून. तो म्हणायचा, दात पडले की मग कात्री काढीन. आमचं वय जवळपास सारखं, त्यामुळे मेहुणा-भाऊजींच्या नात्यापेक्षा मैत्रीच जास्त. मला तो भाऊजी म्हणायचा, आणि टोमणा मारायचा असला की इंजिनिअर साहेब.

त्याच्याकडे वडिलांची जुनी पांढरी अँबेसिडर होती. तिचा डायनामो जळाला तेव्हा त्यानं कुठूनतरी दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर आणून बसवून घेतला. त्यालाही सगळे डायनामोच म्हणत राहिले. बसला खरा, पण त्याची पुली बाकीच्या पुल्यांपेक्षा करंगळीच्या नखाएवढी मागे राहिली. या गाडीत खाली इंजिनची पुली, वर पंख्याची आणि बाजूला डायनामोची, अशा तिन्हींवरून एकच पट्टा फिरतो. एक जरी पुली मागेपुढे असली तर पट्टा तिरका चालतो, एका अंगानं घासतो, काळी भुकटी सांडतो आणि किंचाळतो. प्रभाकरनं आपल्या परीनं इलाज चालवला होता. पट्ट्याला अंगाचा साबण लावायचा. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच.

एका रविवारी तो घरी आला आणि चहाचा कप हातात घेत म्हणाला, "भाऊजी, हिचं बोंबलणं बंद करा बाप्पा. दुकानासमोर चालू केली का अख्खं पंडरी मान वळवून पाहाते. गिऱ्हाईक म्हणते, सेठ, कोणाले मारून राहिले?"

मी म्हटलं, साबण बंद करा आणि धागा आणा. त्यानं दुकानातून पांढऱ्या धाग्याचं नवं रीळ आणलं. त्याच्या अंगणात पोतं अंथरून तो गाडीखाली शिरला, धाग्याचं टोक खालच्या पुलीच्या काठाला अंगठ्यानं दाबून धरलं, आणि मी वरून तोच धागा ताणून डायनामोच्या पुलीवर धरला. पुल्या एका सुतात असतील तर धागा दोन्ही पुल्यांच्या दोन्ही काठांना, म्हणजे चारी ठिकाणी टेकतो. आमचा धागा वरच्या पुलीला शिवतही नव्हता. मध्ये फट दिसत होती. गाडीखालून प्रभाकर विचारत होता, "काय दिसून राहिलं, साहेब?" मी म्हटलं, तुमची अक्कल दिसते आहे, एवढीशी. तो खालीच हसत राहिला आणि धागा हलला, पुन्हा पहिल्यापासून धरावा लागला.

ती फट मोजून मी मिलमधल्या लेथवर एक पोलादी कडं करून घेतलं. डायनामो ज्या लांब बोल्टावर टांगलेला असतो त्या बोल्टात ते कडं ओवलं की पुली तेवढीच पुढे येते. आमच्या मिलमध्ये रीत होती, प्रत्येक फिटरनं आपल्या कामावर पंचनं आपली खूण ठोकायची, म्हणजे पुढे काम बिघडलं तर कोणाला बोलवायचं ते कळावं. माझी खूण तीन टिंबं होती. त्या कड्यावरही मी ती ठोकली. घरचं काम होतं, ठोकायची गरज नव्हती... पण हाताला सवय. कडं बसवून पुन्हा धागा धरला आणि तो चारी ठिकाणी टेकला. गाडी सुरू केली तर आवाज फक्त इंजिनचा. प्रभाकर अंगणभर नाचला. वहिनींनी पोहे केले. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरता आला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईंच्या तब्येतीचा निरोप आला. आई म्हणजे शालूच्या आणि प्रभाकरच्या. त्या भंडाऱ्याला आपल्या घरी एकट्याच राहायच्या, रायपूरला यायला तयार नसायच्या. शेजाऱ्यांनी फोन केला की आईंचं अन्न तुटलं आहे, पोरांना बोलावून घ्या म्हणतात. शालू म्हणाली, सकाळच्या ट्रेननं जाऊ. प्रभाकर म्हणाला, ट्रेननं गेलो तर आईला परत कशी आणणार? गाडीनं जाऊ आणि मागच्या सीटवर झोपवून घेऊन येऊ. शालू माझ्याकडे वळली. मला मिलमधून सुट्टी नव्हती, मी जाणार नव्हतो. तिनं फक्त एवढं विचारलं, "गाडी जाईन ना नीट?"

मी म्हटलं, "मी स्वतः लावलं आहे. बिनधास्त जा."

वाटेत पट्टा पुन्हा किंचाळायला लागला होता, पण आईकडे पोचायच्या घाईत कोणी थांबलं नाही. राजनांदगाव मागे पडलं, देवरीच्या अलीकडचं जंगल लागलं आणि तिथे पट्टा फाटून गेला. पट्टा गेला की पंखा बंद, पाणी फिरणं बंद. इंजिन उकळलं. तेव्हा मोबाइल सगळ्यांकडे नव्हते. दोघं भाऊ-बहीण रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एका ट्रकवाल्यानं पुढच्या ढाब्यावरून मिस्त्री पाठवला. त्यानं वॉशरांची चवड लावून डायनामो पुढे घेतला, कुठूनसा पट्टा आणून चढवला, इंजिन थंड व्हायची वाट पाहिली. दिवस कलला होता. ते भंडाऱ्याला पोचले तेव्हा आईंना खाली ठेवलेलं होतं. शेजारणीनं शालूला सांगितलं की दुपारभर दाराकडे पाहत होत्या, शालू आली का, शालू आली का, म्हणत होत्या...

रात्री प्रभाकरचा मिलमध्ये फोन आला. आधी आई गेल्याचं सांगितलं. मग थांबून म्हणाला, "भाऊजी, मिस्त्री म्हणे का पुली लाइनीत नव्हती. जानं लावली त्याले विचारा म्हणे." फोन ठेवला. मी माझी फट आठवून पाहिली, माझं माप आठवून पाहिलं. धागा खरंच चारी ठिकाणी टेकला होता, की मला तसं वाटलं होतं?

मी भंडाऱ्याला गेलो तेव्हा प्रभाकरनं मला दारातच मिठी मारली. सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "भाऊजींले कोणी काही बोलायचं नाही. मशीन आहे. माणसाच्या हातून होते." तेव्हापासून दरवर्षी आईंच्या श्राद्धाला, मी मान खाली घालून पानावर बसलो की तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. पहिला घास त्याच्या हातून मला. येणारा-जाणारा म्हणायचा, भाऊ असावा तर असा. गाडी त्या मिस्त्रीच्या वॉशरांवर पुढे पुष्कळ वर्षं चालली, थोडी कुरकुरत. ती कुरकुर ऐकू आली की मी उठून आत जायचो. तिचं बॉनेट मी पुन्हा कधी उघडलं नाही. तोंडच नव्हतं.

शालू मला कधी काही बोलली नाही. भंडाऱ्याहून परतल्यावर घरातला पंखा आवाज करत होता. मी स्टूल घेतलं तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तुम्ही नका बसू. मिस्त्री येईन." तेवढंच. मग नळ, मिक्सर, दाराची कडी, तिच्या शिलाई मशीनचा पट्टा, सगळ्याला मिस्त्री. मीही कधी हट्ट केला नाही. मला वाटायचं, तिचा हक्क आहे.

प्रभाकर शेवटच्या दिवसांत घरीच होता. जायच्या आठवड्यात मी एकटाच त्याच्याजवळ बसलो होतो. त्यानं माझ्या बाहीचं कापड चिमटीत धरलं, नेहमीसारखं, आणि सोडलंच नाही. म्हणाला, "भाऊजी, ते गाडीचं..." माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "राहू द्या आता. तुम्ही मले केव्हाच माफ केलं." तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाही सोडली आणि म्हणाला, "हव." इथल्या बोलीतला तो होकार, दुकानात गिऱ्हाइकाशी वाद संपवायला तो हाच वापरायचा. मला वाटलं, थकला आहे.

शोकसभेनंतर काही दिवसांनी वहिनींनी बोलावलं. मितालीला परत जायचं होतं आणि अंगणातल्या गाडीचं काय करायचं ते ठरवायचं होतं. मी आधी देवघरापुढे डोकं टेकलं. तिथे आईंचा फोटो आहे, त्याच्या शेजारी आता प्रभाकरचा लावला होता. आईंच्या फोटोसमोर ताम्हनात एक लोखंडी कडं होतं. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं. मी ते आधीही पाहिलं असेन, लांबून, श्राद्धाच्या गर्दीत. त्या दिवशी मात्र सकाळचं ऊन थेट त्यावर पडलं होतं, आणि कुंकू तीन ठिकाणी खोल बसलेलं दिसलं. तीन टिंबं... मी ते उचललं. अंगठ्यानं पुसलं.

"वहिनी, हे कुठलं?"

"आईंच्या जात्याचं असंन," वहिनी म्हणाल्या. "आई गेल्यावर यांनीच आणून ठेवलं. मी एकदा भंगारात टाकाले निघाली तर असे भडकले का विचारू नका. मंग मी रोज पूजत आली. काहून, भाऊजी?"

मी विचारलं, आई गेल्या तेव्हा भंडाऱ्याला जायच्या आधी गाडीचं काही काम केलं होतं का? त्यांनी लगेच सांगितलं, काही लपवायचं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. "केलं का नाही! आदल्याच दिवशी डायनामो काढून इलेक्ट्रिकवाल्याकडे नेला होता. रात्री परतायचं झालं तर लाइट मंद लागून राहिले म्हणे. संध्याकाळी स्वतःच बसवला. मीच तर चहा नेऊन दिला अंगणात."

ते कडं पडू शकत नाही. सैल होऊन सरकूही शकत नाही. बोल्ट पूर्ण उपसून काढल्याशिवाय ते निघतच नाही, आणि निघालेलं परत ओवलं नाही तर पुली पुन्हा आधीसारखी मागे जाते. प्रभाकरनं डायनामो काढला, कडं हातात आलं, बसवताना विसरला. किंवा उरलं म्हणून खिशात टाकलं. यात लबाडी नाही, घाई आहे, आजारी आईकडे निघालेल्या मुलाची घाई. इतकं मी त्याच्या बाजूनं पुन्हापुन्हा मांडून पाहिलं आहे. देवरीच्या रस्त्यावर त्याला कळलं नसेल, फोन करतानाही कळलं नसेल, असंही मी धरून चालतो. पण कधीतरी ते खिशात सापडलं. त्या दिवशी त्याला कळलं. आणि त्यानं ते फेकलं नाही, मला दिलं नाही, आईच्या फोटोसमोर नेऊन ठेवलं. आईला त्यानं सांगितलं, मला नाही. पुढच्या श्राद्धाला पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हातच मला झोपू देत नाही. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, दोष दिला असता, तर मी कधीतरी चिडून बॉनेट उघडलं असतं आणि माझं कडं जागेवर नाही हे एका नजरेत दिसलं असतं. त्यानं माफ केलं, म्हणून मी तपासलंच नाही. आणि शेवटी त्याला सांगायचं होतं तर मीच त्याचं तोंड बंद केलं. ही टोचणी माझी आहे, ती मी त्याच्यावर टाकत नाही. पण बहिणीसमोर आपण चांगले राहावं म्हणून त्यानं माझं घर वापरलं. माझ्या बायकोच्या नजरेतली माझी जागा वापरली.

शालूला सांगावं की नाही, यात काही दिवस गेले. तिला आई तेव्हाच दुरावली होती, भाऊ नुकताच गेला होता. आता तोही हिरावून घ्यायचा का? पण वहिनींकडून मागून आणलेलं कडं माझ्या खिशात होतं आणि ते खिशात ठेवून तिच्यासमोर जेवायला बसणं मला जमेना. मग मीही प्रभाकरच झालो असतो. एका दुपारी ती मेथी निवडत होती, मी कडं तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. जुडी संपली तेव्हा तिनं विचारलं, "दादानं जानूनबुजून केलं?"

"नाही. विसरला."

"मंग सांगितलं काहून नाही?"

तिनं कडं हातात घेतलं, टिंबांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "मी बहीण होती, मी दादावर भरोसा ठेवला. तुम्ही तर फिटर होते. तुम्ही काहून ठेवला?"

आमच्या स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला आहे. तिनं मिस्त्रीला बोलावलेलं नाही. मलाही काही म्हणालेली नाही.

मागच्या रविवारी आम्ही दोघं वहिनींकडे गेलो. मी त्यांना म्हटलं, गाडी द्यायच्या आधी मला तिचं एक काम करायचं आहे. सगळं अजून त्यांना सांगितलेलं नाही. हे छापून येण्याआधी मी स्वतः जाऊन सांगणार आहे, त्यांना ते वर्तमानपत्रातून कळू नये. बॉनेट उघडलं. आत वॉशरांची ती चवड होती, गंजून एकमेकांना चिकटलेली. तेल मारलं, थांबलो, हळूहळू बोल्ट उपसला आणि माझं कडं ओवलं. गाडीतल्या समोरच्या खणात धाग्याचं तेच रीळ सापडलं, वरचे फेरे पिवळे पडलेले, आतला धागा अजून पांढरा. आता खाली शिरून टोक धरायला कोणी नव्हतं, माझी कंबरही वाकत नाही. वहिनींनी कणकेचा गोळा आणून दिला. हात खाली घालून त्या गोळ्यानं मी धागा खालच्या पुलीच्या काठाला चिकटवला आणि वर ताणून धरला.

शालू जवळ आली. चश्मा वर करून वाकली.

"टेकून राहिला का चारी ठिकाणी?"

"टेकून राहिला."

"तवा बी असाच होता?"

"असाच होता."

तिनं चश्मा खाली केला. मग तिनं रिळाकडचं टोक आपल्या हातात घेतलं, तोंडाशी नेलं आणि दातांनी तोडलं, मान थोडी उजवीकडे झुकवून, अगदी प्रभाकरसारखं. मी दुसरीकडे पाहिलं.